कोणत्या कलमाखाली?

२०२० च्या मार्च महिन्यात आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर जी नोटीस लागली ती माझ्या हातची होती. सोसायटी चिंचवडातली, जुनी, तीन विंगांची. सेक्रेटरीचे पद कोणालाच नको असते म्हणून ते निवृत्त माणसाच्या गळ्यात पडते, तसे ते माझ्या गळ्यात पडलेले. राज्यात १३ मार्चपासून साथरोग प्रतिबंधक कायदा लागू झाल्याचे बातम्यांत ऐकले होते. कायदा १८९७ चा आहे, एवढेच त्याच्याविषयी ठाऊक होते, आणि एवढे पुरेसे वाटले, कारण जुन्या कायद्याचे नाव घातले की नोटिशीला वजन येते. म्हणून ‘साथरोग प्रतिबंधक कायदा, १८९७ अन्वये’ अशी सुरुवात करून मी पुढे लिहिले की, बाहेरगावाहून किंवा बाधित ठिकाणाहून येणाऱ्या कोणासही समितीच्या परवानगीशिवाय फाटकाच्या आत घेतले जाणार नाही. खाली सही केली, शिक्का मारला आणि घरी येऊन चहा प्यायलो.

टाळेबंदी सुरू होऊन आठवडा झाला असेल. रात्री साडेनऊच्या सुमारास वॉचमनने इंटरकॉमवरून विचारले की बी विंगमधल्या सिस्टर आल्या आहेत, सोडू का. ती एका रुग्णालयात परिचारिका. सलग ड्यूटी करून पाच दिवसांनी घरी येत होती. सोडू नकोस, मी येतो, असे मी म्हणालो, आणि खाली उतरण्यापूर्वी कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारणा केली. कोणी लिहिले घेऊ नका, कोणी लिहिले चौदा दिवस रुग्णालयातच राहू द्या, कोणी नुसते जोडलेले हात पाठवले, ज्यांचा अर्थ अशा वेळी काय घ्यायचा ते मला अजून कळलेले नाही. मी फाटकाशी गेलो तेव्हा ती वॉचमनच्या खुर्चीवर बसली होती. मी नोटिशीकडे बोट दाखवले. ती तिने आधीच वाचली होती. “काका, कोणत्या कलमाखाली?” एवढेच तिने विचारले, आवाज न चढवता. मला उत्तर देता आले नाही. दीड तासाने, लिफ्ट न वापरता जिन्याने जाण्याच्या अटीवर, आम्ही तिला आत घेतले. घर तिचे स्वतःचे होते आणि त्याचे हप्ते तिच्या पगारातून जात होते.

त्या रात्री मी तो कायदा वाचला. वाचायला पाच मिनिटेही लागली नाहीत, कारण मूळचा कायदा अवघ्या चार कलमांचा आहे. पहिले कलम नाव आणि व्याप्ती सांगते. दुसरे सांगते की, धोकादायक साथ आली आणि चालू कायदे अपुरे आहेत असे सरकारला वाटले, तर सरकार आवश्यक वाटतील ते उपाय योजू शकते आणि तात्पुरते नियम करू शकते. प्रवाशांची तपासणी आणि संशयितांना वेगळे ठेवणे त्यात आलेच. तिसरे कलम आज्ञा मोडणाऱ्याच्या शिक्षेचे. चौथे असे की, या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल कोणाविरुद्धही दावा किंवा अन्य कायदेशीर कारवाई चालणार नाही. कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात २८ जानेवारी १८९७ रोजी विधेयक मांडले गेले आणि ४ फेब्रुवारीला त्याचा कायदा झाला. सरकारने काय करू नये, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीचा उल्लेख असण्याचे तर कारणच नव्हते.

घाई समजण्यासारखी होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत मुंबईतून लोकांचे लोंढे बाहेर पडू लागले. युरोपातली बंदरे हिंदुस्थानच्या मालाला आणि जहाजांना दारे लावतील ही धास्ती सरकारला रोगाइतकीच, कदाचित थोडी अधिकही, होती. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. साथ खरी होती; पुढच्या दोन-तीन दशकांत तिने या देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्यामुळे ‘सरकारने काहीच करायला नको होते’ असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. एका माणसाचा श्वास दुसऱ्याच्या जिवावर उठत असेल तर त्याच्या वाटेत कोणीतरी उभे राहिले पाहिजे, आणि ते काम शेजाऱ्यांच्या जमावापेक्षा सरकारने केलेले बरे, हे मी त्या फाटकाशी जमाव होऊन उभा राहिल्यामुळे अधिकच मानतो.

१८९७ च्या फेब्रुवारीत वॉल्टर चार्ल्स रँड हा आय.सी.एस. अधिकारी साताऱ्याहून पुण्यात आला आणि खास प्लेग समितीचा अध्यक्ष झाला. त्याच्याबरोबर एक लष्करी कर्नल आणि एक लष्करी डॉक्टर. मार्चच्या मध्यावर सुमारे नऊशे अधिकारी आणि शिपाई शहरात उतरवण्यात आले, त्यांत गोरेही होते आणि देशीही. तोवर निम्मे पुणे गाव सोडून गेले होते. मागे राहिलेल्यांच्या पेठांतून झडत्या सुरू झाल्या. रस्त्याची दोन्ही तोंडे अडवायची, घरे क्रमाने तपासायची, कुलूप असेल तर फोडायचे, काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते पाहायचे, रोगी सापडला तर इस्पितळात आणि घरातली बाकीची माणसे शहराबाहेरच्या छावणीत, मग घरातली जमीन उकरायची, भिंतींना चुना, चिरगुटे आणि अंथरुणे जाळायची. कागदावर ही पद्धत निर्दोष दिसते. पण ‘काखेत आणि जांघेत’ हे शब्द १८९७ सालच्या सदाशिव पेठेतल्या एखाद्या विधवेच्या बाजूने वाचले की त्यांचा अर्थ निराळा होतो. बायकांना चारचौघांत उभे करून तपासल्याच्या, देवघरात बुटांनिशी शिरल्याच्या, प्लेगचा संबंध नसलेले सामान जाळल्याच्या आणि किमती वस्तू खिशात घातल्याच्या तक्रारी गावभर झाल्या.

रँडने आपल्या अहवालात या सगळ्याबद्दल समाधान नोंदवले आहे. शिपायांवर कडक नजर होती, लोकांच्या चालीरीतींचा शक्य तेवढा मान राखला गेला, आणि स्त्रियांचा हेतुपुरस्सर अपमान झाल्याची विश्वास ठेवण्याजोगी एकही तक्रार समितीकडे आली नाही, असा त्याचा आशय आहे. मला रँड खोटे लिहीत होता असे वाटत नाही, आणि हीच गोष्ट मला अस्वस्थ करते. तक्रार कोणाकडे करायची, तर ज्याचे शिपाई होते त्याच्याकडे. केली तर न्यायालयाचे दार चौथ्या कलमाने आधीच लावलेले. बाईने केली तर तिला आपल्यावर काय झाले ते परक्या पुरुषांसमोर शब्दांत सांगावे लागणार. अशा व्यवस्थेत तक्रार न येणे ही शांतता किती खरी मानायची, एवढा साधा प्रश्न त्या कर्तबगार अधिकाऱ्याला पडला नाही. मंजूर निधीत, ठरल्या वेळात, नेमून दिलेले काम झाले होते. सद्भावना होती.

बळाची एक अडचण नीतीच्या पुस्तकांपेक्षा या प्लेगच्या गोष्टीत मला अधिक स्पष्ट दिसते. बळ बहिरे असते, आणि त्यामुळे ते चुकीच्या माहितीवर बराच काळ चालू राहू शकते. माझी आजी सांगायची की उंदीर पडला की गाव उठायचे. वाड्याच्या आढ्यावरून उंदीर पडून मेला की त्याच दिवशी भांडीकुंडी बैलगाडीत घालून माणसे माळावर झोपड्या बांधायला जायची. कारण कोणाला माहीत नव्हते, पण क्रम पाठ झालेला होता. प्लेगचा जंतू येर्सिनने १८९४ मध्येच हाँगकाँगला शोधला होता; तो उंदरावरच्या पिसवांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ मध्ये दाखवले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. म्हणजे पुण्यात सोजीर माणसांच्या काखा तपासत होते त्या काळात आजार आढ्यावरून आणि बिळांतून हिंडत होता. छावणीत हलवलेली काही माणसे उंदरांपासून लांब गेल्यामुळे वाचलीही असतील, हे मान्य करायला हवे. पण उन्हाळ्यात साथ उतरली तेव्हा समितीला ते आपले यश वाटले. पावसाळ्यानंतर ती पुण्यात परत आली आणि अधिक जोराने आली. ज्यांच्या घरात उंदीर पडत होते त्यांना विचारण्याची सोय त्या यंत्रणेत नव्हती. ज्याचे मन वळवायचे असते त्याचे निदान ऐकावे तरी लागते.

मन वळवण्याचे उदाहरणही त्याच तीन महिन्यांतले आहे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिनने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना टोचली. (तुरुंगातल्या माणसाच्या स्वेच्छेला किती अर्थ असतो हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही, पण तो इथे वाढवत नाही.) आणि पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोगी आणवून घेत होत्या. मुंढव्याहून एका मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, असे सांगतात. १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या. सोजीर पेठांत उतरायला तेव्हा मोजके दिवस उरले होते. ज्या मुलाला पाठीवरून आणले त्यालाही घरापासून वेगळेच केले गेले होते. विलगीकरण तिथेही होते. पण पाठीवर घेणाऱ्याला त्या मुलाचे अंग तापलेले आहे हे कळत होते, आणि त्या तापाचा धोका तिने स्वतःवरही घेतला होता. रँडच्या समितीला या दोन्ही गोष्टी करणे भाग नव्हते.

इथे उंबरठ्याची बाजू घेणाऱ्यांना, म्हणजे मला स्वतःलाही, एक अडचणीची आठवण करून देणे भाग आहे. प्लेगच्या सहाच वर्षे आधी, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या अत्याचाराने मेली होती, आणि सरकारने शरीरसंबंधाला संमतीचे वय दहावरून बारा केले. टिळकांचा त्याला कडाडून विरोध होता. लग्नाचे वय वाढावे याला त्यांची ना नव्हती. मुलींची लग्ने सोळा वर्षांपर्यंत करू नयेत अशी प्रतिज्ञा सुधारकांनीच आपणहून करावी, असे त्यांनी सुचवले होते. पण परक्या सरकारने कायद्याने घरात शिरू नये. तत्त्व तेच, जे १८९७ मध्ये आपल्याला पटते. फरक इतकाच की १८९१ मध्ये बळ आधीपासून घरातच चालले होते, आणि ज्या मुलीवर ते चालले होते तिच्या ‘आपणहून’ला त्या घरात जागा नव्हती. उंबरठा पवित्र असतो ही माझी समजूत या उदाहरणापाशी टिकत नाही. सरकारचे बळ उंबऱ्याच्या आत कधीच येऊ नये असे म्हणता येत नाही; ते कोणासाठी आत येते, आणि ज्याच्यासाठी आले म्हणतात त्याला त्या बळाविरुद्धही बोलता येते का, एवढे विचारता येते. फुलमणीला घराविरुद्ध बोलता येत नव्हते, प्लेगमधल्या बायकांना सरकारविरुद्ध.

टिळकांच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की साथीच्या काळात ते पुणे सोडून गेले नाहीत, हिंदूंसाठी इस्पितळ उघडण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि रोगी लपवू नका असे लोकांना सांगितले. त्यांचे भांडण उपायांपेक्षा ते राबवण्याच्या रीतीशी होते.

त्या वर्षात बोलण्याचे मार्ग कसे एकेक करून बंद झाले ते पाहण्याजोगे आहे. गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रांत सांगितले की शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. पार्लमेंटात प्रश्न निघाला, पुरावा मागितला गेला. परत आल्यावर नाव घालून साक्ष द्यायला कोणी पुढे येईना, आणि गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. सभ्य माणूस सिद्ध न करता आलेल्या आरोपाबद्दल करील तेच त्यांनी केले. पण त्या माफीमुळे घडले नाही असे सिद्ध झाले, हा जो अर्थ सरकारने काढला तो सोयीचा होता. पंडिता रमाबाईंनीही प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात लिहिले होते. गव्हर्नरने ते खोडून काढले. सरदार नातू बंधूंनी सोजिरांच्या वर्तनाबद्दल तक्रारी मांडल्या होत्या. जुलैमध्ये त्यांना १८२७ सालच्या एका रेग्युलेशनखाली पकडून कोणताही खटला न चालवता अटकेत ठेवले गेले. ६ जुलैच्या केसरीने सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय असे विचारले आणि पुढच्या मंगळवारी ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’ असे बजावले. महिनाअखेरीस टिळकांना अटक झाली. सप्टेंबरमध्ये नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी आणि तीन हिंदी गृहस्थांनी निर्दोष म्हटले, न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा राजद्रोहाचा अर्थ लावला, आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. सरकारवर प्रेम नसणे हा गुन्हा ठरतो तेव्हा तक्रार आणि गुन्हा यांत अंतर राहत नाही.

मधे २२ जूनची रात्र होती. राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यात, आज जिथे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तिथे, समारंभ होता. परतताना रस्त्यावर दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली आणि बाळकृष्णांनी मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर. आयर्स्ट तत्काळ गेला, रँड ३ जुलैला. ठरलेले लक्ष्य आयर्स्ट नव्हता. त्याची बायको शेजारी बसली होती. दामोदरना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. फितुरीचा सूड म्हणून पोलिसांना माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना फेब्रुवारी १८९९ मध्ये मारले गेले, आणि त्या मे महिन्यात धाकटा भाऊ वासुदेव, साथीदार महादेव रानडे आणि बाळकृष्ण असे तिघे पाच दिवसांत फासावर गेले. चापेकरांचा वाडा आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. चौकातल्या पुतळ्यासमोरून जाताना माझा हात अजूनही आपोआप छातीशी जातो, आणि तो खाली घेताना आयर्स्टच्या बायकोची आठवण येते. दामोदरांच्या आत्मवृत्तात समाजसुधारकांबद्दलही इंग्रजांइतकाच राग आहे, हे वाचल्यापासून मला असेही वाटते की खासगी हातातले बळ आपले शत्रू आपणच ठरवते आणि त्या यादीला कोणी दुरुस्ती सुचवू शकत नाही. पण ते हात तिथवर पोहोचण्याआधी किती दारे ठोठावून झाली होती याचा हिशोब सरकारने कधी दिला नाही. उलट पुणेकरांवर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांकडूनच घेतला.

१८९८ च्या मार्चमध्ये मुंबईत प्लेगच्या झडतीवरून दंगल झाली. त्यानंतर सक्ती हळूहळू सैल झाली. सरकारला जे पटवून कळले नाही ते दंगलीने कळले. शहाण्या राज्यात क्रम उलटा असायला हवा होता.

कायदा मात्र राहिला. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला आणि सरकारच्या हस्तक्षेपाला कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि हेतूच्या प्रमाणात उपाय अशा कसोट्या लावल्या. २ मे २०२२ रोजी त्याच न्यायालयाने सांगितले की कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, मात्र इतरांच्या रक्षणासाठी वाजवी अटी घालता येतील. रँडच्या काळात यांतला एकही शब्द उच्चारायला जागा नव्हती. तरीही टाळेबंदीत रस्त्यावर उठाबशा काढायला लावलेल्या माणसांच्या चित्रफिती माझ्या फोनवर येत होत्या तेव्हा मला त्या कसोट्या आठवल्या नाहीत. मी हसलो होतो, दोन ठिकाणी पुढेही पाठवल्या. दुसऱ्यावर चाललेले बळ पाहणाऱ्याला शिस्तीसारखे दिसते. गावोगावी वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या गेल्या, मुंबई-पुण्याहून चालत आलेली आपलीच पोरे शेतात थांबवली गेली, आणि कोणालाही त्यात कायदा आड आला नाही.

२२ एप्रिल २०२० रोजी केंद्राने अध्यादेश काढून त्या १२३ वर्षांच्या कायद्यात दुरुस्ती केली. आरोग्यसेवकांवरच्या हिंसेला तीन महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड, आणि हिंसेच्या व्याख्येत त्यांच्या राहण्याच्या जागी होणारा, त्यांना कर्तव्यापासून रोखणारा छळही धरला गेला. म्हणजे आमच्या फाटकाशी घडले ते महिनाभर उशिरा घडले असते, तर तिच्या प्रश्नाला उत्तर मिळाले असते, आणि ते कलम माझ्यावरच लागू शकले असते. सरकारचे बळ त्या वेळी तिच्या बाजूने फाटकाच्या आत आले असते. चौथे कलम मात्र त्या दुरुस्तीनंतरही जिथल्या तिथे आहे.

२०२१ च्या सप्टेंबरात सोसायटीची सर्वसाधारण सभा गच्चीवर, खुर्च्या लांब लांब मांडून झाली. वर्षाचा अहवाल मीच लिहिला होता आणि मीच वाचला. टाळेबंदीच्या काळात सोसायटीने केलेली निर्जंतुकीकरणाची फवारणी, भाजीच्या गाडीची सोय, वॉचमनला दिलेला जादा पगार, सगळे त्यात होते. शेवटी एक वाक्य होते, दर वर्षीच्या अहवालातून जसेच्या तसे उतरवलेले: ‘अहवाल वर्षात कोणत्याही सभासदाकडून लेखी तक्रार प्राप्त झाली नाही.’ वाचताना मी मान वर केली. ती शेवटच्या रांगेत, जिन्याच्या दाराजवळ बसली होती. कोणाला काही विचारायचे आहे का, असे अध्यक्षांनी विचारले. कोणी काही विचारले नाही, आणि अहवाल एकमताने मंजूर झाला.